ग्रॅमीतला रॉक परफॉर्मन्स: पुरस्काराच्या बदलत्या चौकटीचा इतिहास

‘अमुक बँडला बेस्ट रॉक परफॉर्मन्सचं ग्रॅमी’ असं वाचलं की डोळ्यांपुढे स्टेज, दिवे आणि गर्दी येते. प्रत्यक्षात हा पुरस्कार ध्वनिमुद्रित ट्रॅकला दिला जातो, आणि तो ट्रॅक बहुतेक वेळा स्टुडिओतलाच असतो. लाइव्ह रेकॉर्डिंगला मनाई नाही, पण तशी सक्तीही नाही. एकाच गाण्यावर तीन वेगळे पुरस्कार मिळू शकतात. ‘परफॉर्मन्स’ गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा, ‘साँग’ ते रचणाऱ्यांचा, आणि ‘रेकॉर्ड ऑफ द इयर’ कलाकारांबरोबरच निर्माता, रेकॉर्डिंग इंजिनिअर आणि मिक्सिंग करणाऱ्यांचाही. म्हणूनच दुसऱ्याचं गाणं वाजवूनही बँड परफॉर्मन्सचा पुरस्कार जिंकू शकतो. १९९१ मध्ये मेटॅलिका या बँडला मेटलचा (रॉकच्या जास्त जड, कर्कश प्रकाराचा) पुरस्कार मिळाला तो ‘स्टोन कोल्ड क्रेझी’साठी, आणि ते गाणं मुळात क्वीनचं, १९७४ सालचं.

पहिला ग्रॅमी समारंभ ४ मे १९५९ रोजी झाला. त्यात २८ पुरस्कार होते, पण रॉकसाठी एकही नव्हता. १९६२ मध्ये ‘रॉक अँड रोल रेकॉर्डिंग’चा विभाग आला आणि तो चबी चेकरने ‘लेट्स ट्विस्ट अगेन’साठी घेतला. पुढची बरीच वर्षं रॉक बँडना पॉप आणि सर्वसाधारण विभागांतूनच वाट काढावी लागली. बीटल्सला १९६५ मध्ये ‘बेस्ट न्यू आर्टिस्ट’ आणि ‘अ हार्ड डेज नाइट’साठी गायक-समूहाचा पुरस्कार मिळाला. १९६८ मध्ये त्यांचा ‘सार्जंट पेपर’ हा ‘अल्बम ऑफ द इयर’ ठरलेला पहिला रॉक अल्बम होता. लेड झेपेलिनसारख्या बँडची मात्र पाटी कोरीच राहिली. १९८० मध्ये बँड फुटला तोवर त्यांच्या नावावर एकही ग्रॅमी नव्हतं. २००५ मध्ये जीवनगौरव मिळाला. स्पर्धेतला पुरस्कार यायला २०१४ उजाडलं, आणि तोही एका मैफलीच्या जोरावर: १० डिसेंबर २००७ ला लंडनच्या ओटू अरीनात दिवंगत ड्रमर जॉन बोनहॅमचा मुलगा जेसन याला ड्रम्सवर बसवून केलेल्या कार्यक्रमाचं ‘सेलिब्रेशन डे’ हे रेकॉर्डिंग ‘बेस्ट रॉक अल्बम’ ठरलं.

रॉकचं स्वतंत्र दालन उघडलं ते फेब्रुवारी १९८० मध्ये. पुरुष गायक, स्त्री गायिका, जोडी किंवा समूह, आणि वाद्यसंगीत असे चार विभाग. समूहाचा पहिला मान ईगल्सना ‘हार्टेक टुनाइट’साठी मिळाला. स्त्री गायिकांमध्ये डिस्कोची सम्राज्ञी डॉना समर जिंकली याचं तेव्हा अनेकांना नवल वाटलं, पण ‘हॉट स्टफ’ ऐकलं की उलगडा होतो. त्यातला जेफ बॅक्स्टरचा गिटार सोलो अस्सल रॉक आहे. या चार विभागांचा चांगला लाभ उठवला ‘द पोलिस’ या बँडने. १९८१ ते १९८४ या काळात त्यांनी समूह आणि वाद्यसंगीत, दोन्हींत बाजी मारली. १९८२ चं वाद्यसंगीताचं ग्रॅमी ‘बिहाइंड माय कॅमल’ला मिळालं. अँडी समर्सने रचलेला हा तुकडा बँडचा गायक-बेसवादक स्टिंगला इतका नावडता होता की त्याने त्यावर बेस वाजवलाच नाही, तो समर्सनेच वाजवला.

या इतिहासातला सर्वांत चर्चेचा प्रसंग २२ फेब्रुवारी १९८९ चा. त्या वर्षी ‘हार्ड रॉक/मेटल परफॉर्मन्स’ हा नवा विभाग आला. नामांकनात एसी/डीसी, इगी पॉप, जेन्स अॅडिक्शन, जेथ्रो टल आणि मेटॅलिका. मेटॅलिकाने त्याच समारंभात ‘वन’ वाजवलं, सगळे त्यांनाच विजेते धरून बसले होते, आणि पाकिटातून नाव निघालं जेथ्रो टलचं, ‘क्रेस्ट ऑफ अ नेव्ह’ अल्बमसाठी. टलचे लोक सभागृहात नव्हतेच. मिळणार नाही म्हणून रेकॉर्ड कंपनीनेच त्यांना न येण्याचा सल्ला दिला होता.

हे असं का झालं? एक म्हणजे हार्ड रॉक आणि मेटल एकाच पिशवीत कोंबले होते, त्यामुळे बासरी वाजवणाऱ्या इयन अँडरसनचा जेथ्रो टल हा बँडही नियमात बसत होता. दुसरं, तेव्हा परफॉर्मन्सच्या विभागात एकेक गाणं आणि आख्खे अल्बम एकमेकांविरुद्ध उभे राहत. इगी पॉपचं एक गाणं, टलचा पूर्ण अल्बम, आणि तुलना एकाच मतपत्रिकेवर. तिसरं आणि माझ्या मते खरं कारण मतदारांचं. ग्रॅमी देणाऱ्या रेकॉर्डिंग अकादमीचे सदस्य म्हणजे गायक, वादक, निर्माते, इंजिनिअर. त्यातल्या ज्यांनी मेटॅलिकाचं वेगवान थ्रॅश मेटल कधी ऐकलंच नव्हतं, त्यांनी यादीतल्या ओळखीच्या नावावर खूण केली असणार. टल वाईट होते असं नाही, चुकीच्या रांगेत होते. त्यांच्या कंपनीने नंतर ‘बिलबोर्ड’मध्ये लोखंडी सळयांच्या ढिगात बासरी दाखवणारी जाहिरात दिली, तर मेटॅलिकाने आपल्या अल्बमवर ‘ग्रॅमीत हरलेले’ असं स्टिकर डकवलं.

अकादमीने वर्षभरातच विभागाचे दोन भाग केले. १९९० मध्ये मेटलचं ग्रॅमी ‘वन’ला मिळालं, म्हणजे आदल्या वर्षी हरलेल्या अल्बममधल्याच गाण्याला. हार्ड रॉकचं गेलं न्यू यॉर्कच्या लिव्हिंग कलरकडे, ‘कल्ट ऑफ पर्सनॅलिटी’साठी. कृष्णवर्णीयांचा रॉक बँड म्हणजे विक्रीची अडचण, असं मानणाऱ्या व्यवसायात या पुरस्काराला वजन होतं, आणि पुढच्या वर्षी त्यांनी तो पुन्हा जिंकला. १९९२ मध्ये मेटलचं ग्रॅमी घेताना मेटॅलिकाच्या लार्स उलरिकने ‘यंदा अल्बम न काढल्याबद्दल’ जेथ्रो टलचे आभार मानले. टोला छान होता, फक्त टलचा अल्बम १९९१ मध्ये आला होता.

शब्दशः सादरीकरणानेच मिळवलेलं ग्रॅमी शोधायचं तर ‘निर्वाणा’ या बँडकडे जावं लागतं. १८ नोव्हेंबर १९९३ ला न्यू यॉर्कच्या सोनी स्टुडिओत ‘एमटीव्ही अनप्लग्ड’ मुद्रित झालं. चौदा गाणी, प्रत्येक एकाच टेकमध्ये, आणि त्यातली सहा दुसऱ्यांची. गाजलेली गाणी टाळून बँड कमी परिचित गाणी वाजवत होता. कार्यक्रम ‘अनप्लग्ड’, म्हणजे विजेच्या वाद्यांविना, असला तरी गायक-गिटारवादक कर्ट कोबेनची मार्टिन डी-१८ई ही पिकअप (तारांचा कंप विजेच्या संकेतात बदलणारा भाग) बसवलेली गिटार होती आणि ती अॅम्प्लिफायरला जोडलेली होती. अॅम्प दिसू नये म्हणून त्याच्यापुढे मॉनिटर स्पीकरसारखा दिसणारा खोटा डबा ठेवला होता. ‘द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड’मधला गिटारचा किंचित फाटलेला आवाज तिथूनच येतो. एप्रिल १९९४ मध्ये कोबेन गेला, नोव्हेंबरमध्ये अल्बम आला, आणि १९९६ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं तेही रॉकच्या नव्हे, ‘आल्टरनेटिव्ह’च्या विभागात. कोबेन हयात असताना बँडला एकही मिळालं नव्हतं.

२०१२ मध्ये मोठी छाटणी झाली. ग्रॅमीचे एकूण विभाग १०९ वरून ७८ वर आले. रॉकमधला एकल-समूह भेद संपून एकच ‘बेस्ट रॉक परफॉर्मन्स’ उरला, आणि हार्ड रॉक-मेटल पुन्हा एकत्र बांधले गेले. पहिल्याच वर्षी फू फायटर्सने ‘वॉक’ आणि ‘व्हाइट लिमो’ या गाण्यांवर दोन्ही घेतले. ही गाणी बँडचा म्होरक्या डेव्ह ग्रोलच्या गॅरेजमध्ये, अॅनालॉग टेपवर मुद्रित झाली होती. मेटलचा संसार २०१४ मध्ये पुन्हा वेगळा झाला आणि तेव्हापासून तसाच आहे.

या छाटणीचा फटका बँडना बसला. समूहासाठी राखीव जागा गेली आणि एकल कलाकार थेट स्पर्धेत आले. २०१७ ते २०२१ अशी सलग पाच वर्षं ‘बेस्ट रॉक परफॉर्मन्स’ डेव्हिड बोवी, लिओनर्ड कोहेन, क्रिस कॉर्नेल, गॅरी क्लार्क ज्युनिअर आणि फिओना अॅपल यांच्याकडे गेला, आणि त्यातले पहिले तीन मरणोत्तर. मतदानाचे नियमही २०२१ मध्ये आवळले गेले. आता सर्वसाधारण विभाग सोडून सदस्याला जास्तीत जास्त तीन क्षेत्रांतल्या दहा विभागांतच मत देता येतं.

बँडनी ही जागा परत मिळवली ती २०२२ मध्ये फू फायटर्सने आणि २०२४ मध्ये बॉयजीनियसने. २०२५ चे निकाल तर दोन टोकांचे होते. रॉकचा पुरस्कार बीटल्सच्या ‘नाऊ अँड देन’ला मिळाला. जॉन लेननने सत्तरच्या दशकात घरी कॅसेटवर गायलेला आवाज संगणकाने पियानोपासून सोडवून घेतला, त्यावर जॉर्ज हॅरिसनची १९९५ मधली गिटार आणि हयात असलेल्या दोघांचं नवं वादन चढवलं. चौघांनी एका खोलीत बसून हे गाणं कधी वाजवलेलंच नाही. मेटलचा पुरस्कार गोजिरा या फ्रेंच बँडला, गायिका मरिना व्हिओती आणि संगीतकार व्हिक्टर ल मान यांच्यासह, ‘मेआ कुल्पा’साठी मिळाला. २६ जुलै २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिक उद्घाटनात कॉन्सिएर्जरी या जुन्या तुरुंगाच्या खिडक्यांत उभं राहून त्यांनी ते जगापुढे सादर केलं होतं. मतपत्रिकेवर मात्र त्याचं रेकॉर्डिंगच होतं.