रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला, पण तोंड कोणी पाहिलं?

कोल्हापूरच्या राजारामपुरीपासून इचलकरंजीपर्यंत कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबकडे गेलात तरी 'फुल बॉडी चेकअप'चं पॅकेज मिळतं. साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉईड आणि यादीच्या शेवटी एक-दोन 'कॅन्सर मार्कर', म्हणजे कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारे पदार्थ. नोकरीला लागलेली मुलं हौसेनं आईवडिलांची ही तपासणी करून घेतात. त्यामागची माया खरी आहे. आकडे नॉर्मल आले की घर निर्धास्त होतं, आणि मला काळजी वाटते ती या निर्धास्तपणाचीच. आपल्या देशात सर्वाधिक आढळणाऱ्या कॅन्सरांत पुरुषांमध्ये तोंडाचा, तर स्त्रियांमध्ये स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर येतो. या तिन्हींपैकी एकही त्या मार्करवर विसंबून वेळेत सापडत नाही.

मग रक्तातून कॅन्सर शोधण्याच्या ज्या बातम्या येतात त्या खोट्या का? मुळीच नाही. त्यामागचं विज्ञान फार सुंदर आहे.

शरीरातल्या पेशी रोज मरतात आणि त्यांच्यातला डीएनए तुकड्यातुकड्यांनी रक्तात उतरतो. मँडेल आणि मेताई या फ्रेंच शास्त्रज्ञांनी तो १९४८ मध्येच टिपला होता. असा एक तुकडा डीएनएच्या साखळीतल्या साधारण १६७ अक्षरांचा, म्हणजे घटकांचा असतो आणि फार टिकत नाही. तास-दोन तासांत त्यातले निम्मे नाहीसे होतात. कॅन्सरच्या पेशीही मरतात, त्यांचेही तुकडे या प्रवाहात मिसळतात. ते ओळखायचे कसे? डीएनएवर मिथाइल नावाच्या बारीक रासायनिक खुणा असतात आणि प्रत्येक अवयवात त्यांची ठेवण वेगळी असते. कॅन्सरमध्ये ही ठेवण बिघडते. मार्केट यार्डातला जाणता अडत्या गुळाच्या रव्याचा रंग आणि कणी बघून तो कुठल्या बाजूच्या गुऱ्हाळातला ते सांगतो, तसं या खुणांवरून तुकडा फुप्फुसाचा की आतड्याचा, याचा अंदाज बांधता येतो.

अडचण पुढे आहे. दहा मिलिलिटर रक्त काढून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की तांबड्या पेशी तळाला बसतात आणि वर पिवळसर प्लाझ्मा उरतो, चार-पाच मिलिलिटर. निरोगी माणसाच्या तेवढ्या प्लाझ्मात डीएनएच्या संपूर्ण संचाच्या काही हजार प्रती भरतील एवढेच तुकडे असतात. गाठ अगदी लहान असताना तिचा वाटा दहा हजारात एखादा, कधी त्याहूनही कमी. म्हणजे गाठीची जी खूण आपण शोधतोय, तिचा तुकडा त्या ट्यूबमध्ये आलेलाच नसण्याची शक्यता दांडगी. यावर तोड म्हणून नव्या चाचण्या एकाच वेळी डीएनएवरच्या लाखाहून जास्त जागा तपासतात. तरीही अमेरिकेतल्या 'गॅलेरी' या गाजलेल्या चाचणीचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे पाहा. चौथ्या, म्हणजे शरीरात दूरवर पसरलेल्या टप्प्यातले ९० टक्के कॅन्सर तिनं ओळखले, तिसऱ्यातले ७७, दुसऱ्यातले ४० आणि पहिल्या टप्प्यातले फक्त १७ टक्के. जिथे लवकर कळण्याचा सगळ्यात जास्त उपयोग, तिथेच ती सगळ्यात अधू आहे.

उलट बाजूही तपासली गेली आहे. पन्नाशी ओलांडलेल्या ६,६०० हून अधिक लोकांवर ही चाचणी केली, तेव्हा ९२ जणांना 'संशयास्पद' असा निकाल आला. पुढच्या तपासण्यांत त्यातल्या ३५ जणांनाच कॅन्सर निघाला. बाकीच्यांना स्कॅन आणि कुणाकुणाला बायोप्सी होईपर्यंत जीव टांगणीला लावून बसावं लागलं.

पॅकेजमधले जुने मार्कर तर याहून भोंगळ. सीए-१२५ हा अंडाशयाच्या कॅन्सरचा म्हणून ओळखला जातो, पण तो मासिक पाळीत वाढतो, गरोदरपणात वाढतो आणि आपल्याकडे विशेष लक्षात ठेवायचं म्हणजे पोटाच्या टीबीतही चांगलाच वाढतो. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर स्त्रियांना घेऊन याचा कस पाहिला गेला. २०२१ मध्ये निकाल आला: दरवर्षी सीए-१२५ तपासूनही अंडाशयाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. सीईए हा मार्कर आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर कॅन्सर उलटतोय का हे पाहायला उत्तम, धडधाकट माणसात शोध घ्यायला नाही. पुरुषांचा पीएसए हा प्रोस्टेट ग्रंथीचा मार्कर ती ग्रंथी नुसती वाढली किंवा लघवीला जंतुसंसर्ग झाला तरी चढतो. तो करावा की नाही हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

रक्ताच्या काही साध्या तपासण्या मात्र मला मोलाच्या वाटतात, आणि नेमकं त्यांच्याकडेच दुर्लक्ष होतं. हिपॅटायटिस बी आहे का, हे एका स्वस्त तपासणीत कळतं. हा विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप राहून लिव्हरचा कॅन्सर करू शकतो, आणि त्याला लस आहे. दुसरी तपासणी साध्या सीबीसीची, म्हणजे रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन मोजण्याची. साठीच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन लोह कमी पडून घसरलं असेल, तर 'अशक्तपणा आहे, टॉनिक घ्या' म्हणून सोडू नये. आतड्यातून नकळत रक्त जात असेल, आणि तिथे गाठ असू शकते.

आता तोंडाकडे येतो. निपाणीचा तंबाखूपट्टा आपल्याला लागून आहे, आणि तंबाखू-चुना मळून गालात बार धरणं आपल्याकडे कुणाला वावगं वाटत नाही. गावाकडच्या कित्येक बायका अजून सकाळी मिश्रीनं दात घासतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, हे त्यांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं. 'मी तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो' असं सांगणाऱ्यांनी हेही ऐकावं: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा पहिल्याच, म्हणजे खात्रीनं कॅन्सरकारक असलेल्या गटात टाकली आहे. सोबत दारू असेल तर तोंडाचा आणि घशाचा धोका अनेक पटींनी चढतो.

तोंड तपासायला लागतो एक टॉर्च. गाल बोटानं बाजूला ओढून आतली बाजू, हिरड्या, जीभ वर करून तिच्या खालचा भाग आणि दोन्ही कडा पाहायच्या. घासून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल डाग, दोन-तीन आठवड्यांत न भरलेलं तोंड आलेलं, यांपैकी काहीही दिसलं तरी दाखवायचं. आपली तीन बोटं एकावर एक ठेवून तोंडात जात नसतील, तिखट जिभेवर टेकवत नसेल, तर तेही लक्षण आहे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी अशीच नुसत्या नजरेनं तपासणी केली. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास एक तृतीयांशानं घटले, असं २००५ मध्ये जाहीर झालं.

दुसरा दाखला तर आपल्याच राज्यातला. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांतून ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखावर स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये आले आणि जगभरात वाचले गेले. एचपीव्ही हा गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणारा विषाणू; गर्भाशयमुखाच्या स्रावात तो आहे का, ही तपासणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. शेतात राबणाऱ्या बायकांच्या सहभागातून हे ज्ञान मिळालं, याचं मला फार अप्रूप आहे. ही तपासणी रक्ताची नाही, हेही ध्यानात घ्या.

सरकारी कार्यक्रमात तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची तोंडाची, आणि स्त्रियांची स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी धरलेली आहे. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात तो याचसाठी. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभरानं पांढरे डाग उठतात का, एवढंच पाहिलं जातं. लाज वाटते म्हणून बायका टाळतात, तेव्हा जाऊबाईंना, शेजारणीला बरोबर घेऊन जावं. मुलींसाठी ९ ते १४ या वयात एचपीव्हीची लस सर्वात गुणकारी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हाव्हॅक' २०२३ पासून मिळते आहे.

वजन आटोक्यात ठेवणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं दमदार चालणं यांनी स्तनाचा आणि आतड्याचा धोका कमी होतो. रंकाळ्यावर रोज सकाळी फिरणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. तंबाखू सुटत नसेल तर १८००-११२-३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर समुपदेशन मिळतं.

आणि एखादा मार्कर वाढून आलाच असेल, तर रिपोर्टचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरवू नका, रात्रभर इंटरनेटही चाळू नका. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि दोनच गोष्टी विचारा: हा आकडा कॅन्सरशिवाय आणखी कशानं वाढतो, आणि खात्री करायला पुढची तपासणी कोणती.