कृष्णवर्णीय स्त्रीप्रतिमा, मृत्तिकाशिल्पातील

आफ्रिकी वंशाच्या स्त्रीचा देह, तिचे श्रम व तिच्याशी निगडित श्रद्धा हा विषय असलेली भाजलेल्या मातीची पात्रे आणि शिल्पे. पश्चिम आफ्रिकेतील अनेक समाजांत मडकी घडविणे हे स्त्रियांचे काम असल्याने या कलेची पाळेमुळे सामान्यतः तेथे शोधतात. नायजेरियातील ग्वारी जमातीची कुंभारीण लादी क्वाली (सु. १९२५–८४) चाक न वापरता वळ्या रचून घट घडवीत व त्यांवर प्राण्यांच्या आकृती कोरीत. केनियात जन्मलेल्या मॅग्डलीन ओडुंडो (१९५० – ) यांनी ग्वारी पद्धत नायजेरियात जाऊन अभ्यासली. त्यांचे बालपणीचे काही शिक्षण भारतात झाले होते. त्यांचे घोटीव घट भट्टीत हवा खेळती असता नारिंगी, ती कोंडली असता काळे होतात.

अमेरिकी शाखेचा विचार करताना साउथ कॅरोलायनातील एजफील्ड परिसरातील मुखकुंभ (मानवी चेहऱ्याचे कुंभ) टाळता येत नाहीत. गुलाम कुंभारांनी घडविलेल्या या कुंभांवर झिलई असून डोळे व दात मात्र केओलीन या पांढऱ्या मातीचे, झिलईविना असतात. त्यांचा उगम वादग्रस्त आहे. काही अभ्यासक तो इंग्लंडमधील टोबी जग या मानवाकृती पात्रांत पाहतात. इतरांच्या मते तो कांगो खोऱ्यातील न्किसी या शक्तियुक्त वस्तूंत आहे. गुलामांच्या आयातीवर १८०८ पासून बंदी असूनही ‘वाँडरर’ जहाजाने १८५८ मध्ये कांगो परिसरातून आणलेले चारशेहून अधिक बंदिवान जॉर्जियाच्या किनाऱ्यावर उतरविले व त्यांतील काही एजफील्डला पोहोचले. एका कारखान्यातील गुलाम कामगार सु. १८६२ मध्ये असे कुंभ स्वतःसाठी घडवीत, असे मृत्पात्रांचे अभ्यासक एडविन ॲटली बार्बर यांनी १८९३ मध्ये नोंदविले. हा कालक्रम दुसऱ्या मताला अधिक अनुकूल दिसतो. कुंभांचा नेमका उपयोग मात्र अनिश्चित आहे.

छायाचित्रकार जेम्स ए. पामर यांनी १८८२ मध्ये लेखक ऑस्कर वाइल्डची टिंगल म्हणून एका कृष्णवर्णीय स्त्रीला सूर्यफूल ठेवलेल्या मुखकुंभाशेजारी बसवून छायाचित्र घेतले. तिचे नाव कोणी टिपून ठेवले नाही. अमेरिकी शिल्पकार सिमोन ली (१९६७ – ) यांचे ‘अनामिक’ (२०२२) हे झिलईदार शिल्प त्यावर आधारलेले आहे. त्यांच्या स्त्रीमूर्तींना बहुधा डोळे नसतात, तर घागरा कुंभाचा वा झोपडीचा आकार घेतो. व्हेनिस द्वैवार्षिकी या कलाप्रदर्शनात (२०२२) अमेरिकेचे प्रतिनिधित्व करणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. त्याच वर्षी तेथील सुवर्णसिंह हा पुरस्कार मिळविणारे त्यांचे ‘ब्रिक हाउस’ (उंची सु. ४.९ मी.) पूर्णाकृती मातीत घडवून कांस्यात ओतलेले असल्याने काटेकोरपणे या नोंदीच्या कक्षेबाहेर पडते.