बोक्याच्या तोंडाचा वास माशांचा नसतो

“माशे खाता तो, तोंडाक वास येतलोच मा!” शेजारच्या काकींनी आमच्या बाबल्याचं निदान एका वाक्यात करून टाकलं. बाबल्या म्हणजे आमचा ९ वर्षांचा बोका. मालवणात मांजर असलेल्या घरोघरी हे वाक्य ऐकू येतं, आणि मीही ते बरेच दिवस खरं धरून चाललो. मग एका सकाळी विळीपाशी पडलेलं बांगड्याचं डोकं त्याने उचललं, मान वाकडी करून एका बाजूने चावलं आणि किंचाळून तिथेच टाकलं. पंज्याने गाल ओरबाडत तो माडाखाली जाऊन बसला. मासा टाकून पळालेलं मांजर मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आधी वासाचंच बघू. माशाचा वास ट्रायमिथाइल अमाइनचा. समुद्रातल्या माशाच्या अंगात त्याचं एक बिनवासाचं रूप असतं. मासा मेला की जिवाणू त्यातला प्राणवायू काढून घेतात आणि उरतं ते नाकाला झोंबतं. हा पदार्थ अल्कधर्मी. म्हणून तर आपण माशाला आगळ किंवा लिंबू चोळतो. आम्लाशी गाठ पडली की त्याचा क्षार होतो, क्षार हवेत उडत नाही, वास मरतो. बाबल्याच्या तोंडाचा वास या जातीचाच नव्हता. तो सडक्या अंड्याचा होता, दापोलीकडे उन्हवऱ्याच्या गरम झऱ्यांपाशी येतो तसला. हायड्रोजन सल्फाइड आणि मिथाइल मरकॅप्टन ही गंधकाची संयुगं. प्राणवायू नसलेल्या जागी राहणारे जिवाणू प्रथिनं फोडतात, तेव्हा ती सुटतात. आणि तोंडात अशा जिवाणूंची हक्काची वस्ती हिरडीखाली असते.

तिथवर ते पोचतात कसे, हे समजायला बंदरावर जाऊ. पावसाळ्यात मासेमारी थांबली की होड्या वर ओढतात. बुडाला पांढऱ्या, धारदार कवचांचा थर बसलेला असतो. तो खरवडायचा, बूड गुळगुळीत करायचं, रंग द्यायचा. ही कवचं कोऱ्या फळीवर सहसा एकदम येत नाहीत. आधी जिवाणूंचा बुळबुळीत पडदा धरतो आणि कवचवाले जीव मागून येऊन त्यावर बसतात.

दातावर क्रम हाच. दात स्वच्छ केल्यावर काही मिनिटांत लाळेतल्या प्रथिनांचं पातळ अस्तर चढतं. त्याला जिवाणू चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट जाळं विणतात. हा प्लाक. अजून मऊ आहे, फडक्याने पुसला जातो. आता लाळेची करामत बघा. तिच्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं असतं, की पक्का झालेला साखरेचा पाकच म्हणा. खडीसाखर धरायला नुसता दोरा हवा. ग्रंथीत असताना लाळेत कार्बन डायऑक्साइड मुरलेला असतो. तोंडात आली की तो उडून जातो, लाळ आणखी अल्कधर्मी होते आणि विरघळलेलं कॅल्शियम बाहेर पडू बघतं. मेलेले जिवाणू दोऱ्याचं काम करतात. २-३ दिवसांत प्लाकचा दगड व्हायला लागतो, तो टार्टर. रासायनिक नात्याने तो हाडांच्या आणि दातांच्या घराण्यातलाच.

आपल्या लाळेचा पीएच ७ च्या आसपास, कुत्र्याच्या लाळेचा ८ च्या आसपास; आकडा जितका मोठा, तितकी लाळ अल्कधर्मी. म्हणून कुत्र्याच्या दातांवर टार्टर झपाट्याने चढतो, आणि त्याच कारणाने त्याचे दात आपल्यासारखे किडत मात्र नाहीत, कारण कीड ही साखरेवर जगणाऱ्या जिवाणूंच्या आम्लाची करणी. शिवाय कुत्र्यामांजरांच्या लाळेत पिष्टाची साखर करणारं अमायलेज जवळजवळ नसतंच. तेव्हा “कुत्र्याचा दात किडला” हे बहुतेक वेळा चुकीचं निदान असतं. कीड या शब्दानेच आपला घात केला आहे. धुरी देऊन दातातली ‘अळी’ पाडून दाखवणारे लोक जगभर होऊन गेले. खुरासानी ओव्यासारखं बी तापलं की फुटतं आणि आतला पांढरा गर्भ बाहेर येतो, तीच त्यांची अळी. दातात अळी कधीच नसते, माणसाच्याही नाही आणि जनावराच्याही नाही.

टार्टर दिसायला वाईट, पण खरा उपद्रव त्याच्या खडबडीत पाठीवर वाढणाऱ्या जिवंत प्लाकचा. तो हळूहळू हिरडीखाली सरकतो. निरोगी मांजराची हिरडीची खाच जेमतेम अर्धा मिलिमीटर खोल, कुत्र्याची ३ मिलिमीटरपर्यंत. शरीर तिथे पांढऱ्या पेशींची फौज पाठवतं आणि त्यांच्या विकरांनी हिरडीला दाताशी बांधणारे आपलेच धागे तुटतात. पुढची साखळी मला फार आवडते. सुजलेल्या भागातल्या पेशी रँकएल नावाचं प्रथिन सोडतात. ते काही विशिष्ट पेशींवरच्या रँक या खुंटीला जाऊन अडकतं. ऑस्टिओप्रोटेजेरिन हे तिसरं प्रथिन रँकएलला वाटेतच पकडून ठेवत असतं. ते अपुरं पडलं की त्या पेशी एकत्र मिसळून ऑस्टिओक्लास्ट होतात आणि दाताभोवतीचं हाड विरघळवू लागतात. म्हणजे जिवाणू हाड खात नाहीत. जंतूंची वस्ती जवळ आली म्हणून शरीरच आपलं हाड मागे घेतं, आणि दात उघडा पडतो.

नुसती हिरडी सुजली असेल तोवर परतीची वाट असते. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हराल्ड ल्यो यांनी १२ निरोगी माणसांना दात घासणं थांबवायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणं सुरू केल्यावर आठवड्याभरात सूज उतरली. हाड गेल्यावर मात्र ते असं परत येत नाही.

भूल न देता दात साफ करून देण्याच्या जाहिरातींवर मी म्हणूनच चिडतो. मी स्वतः त्यात फसलो आहे. २ वर्षांपूर्वी एकाने बाबल्याला टॉवेलात गुंडाळून आकड्याने टार्टर उडवून दिला. दात पांढरेशुभ्र झाले, मी खूश. होडीचं पाण्याबाहेरचं अंग खरवडलं आणि बूड तसंच ठेवलं, असा तो प्रकार होता. जागं जनावर हिरडीखाली हत्यार घालू देत नाही, आणि रोग सगळा तिथेच असतो.

शेवटी फोंडा घाट चढून कोल्हापूर गाठलं, कारण दातांचा एक्स-रे हवा होता. आधी रक्ततपासणी, मग भूल. श्वासनलिकेत फुगा असलेली नळी घातली, म्हणजे पाणी आणि जंतूंचे तुषार फुप्फुसात उतरणार नाहीत. टार्टर खरवडणाऱ्या यंत्राचं, स्केलरचं, टोक सेकंदाला २५ ते ४५ हजार वेळा थरथरतं, त्यावर सतत पाण्याची धार, नाहीतर दात तापून आतली नस मरते. खरवडल्यावर दातावर बारीक ओरखडे राहतात आणि प्लाकला तेच हवे असतात, म्हणून शेवटी पॉलिश. पण त्याआधी डॉक्टरांनी एकेका दाताभोवती बारीक सळई फिरवून मापं घेतली. खालच्या जबड्यातल्या पहिल्या दाढेवर हिरडीचा लाल ठिपका चढून आला होता. तिथे सळई टेकली आणि गाढ भुलेत असलेल्या बाबल्याचा जबडा थरथर कापला. एक्स-रेमध्ये त्या दाढेचं मूळ कुरतडल्यासारखं दिसत होतं. मांजरांत हे पुष्कळ आढळतं: त्यांच्या ऑस्टिओक्लास्टसारख्याच पेशी स्वतःचा दातच विरघळवतात. नेमकं कशामुळे, हे विज्ञानाला अजून सापडलेलं नाही. भरून चालत नाही, दात काढावा लागतो. दोन काढले. ३० पैकी २८ राहिले, आणि चौथ्या दिवशी तो विळीपाशी हजर होता.

आता रोज रात्री पडवीत बसून बोटाला मऊ फडकं गुंडाळून त्याचे दात पुसतो, बाहेरच्या बाजूने, अर्धा मिनिट. पेस्ट जनावरांचीच. आपल्या पेस्टमध्ये फ्लोराइड असतं आणि काहींत गोडीसाठी घातलेलं झायलिटॉल. झायलिटॉलने कुत्र्याची रक्तातली साखर धाडकन उतरते, प्राणावर बेततं.

कुत्र्याचा, खंड्याचा, नंबर पुढच्या महिन्यात आहे. त्याला दात मजबूत होतात म्हणून मटणाची नळी द्यायची आमची जुनी सवय. त्याच्या वरच्या मोठ्या दाढेची एक कपचीच उडाली आहे. या दाढेला ३ मुळं, आणि तिच्यात पू झाला की सूज डोळ्याखाली येते, लोक डोळ्याचा आजार समजतात. चावायला काहीही देण्याआधी मी आता त्यावर अंगठ्याचं नख दाबून बघतो. नख रुतलं नाही, तर ते खंड्याला मिळत नाही. नळीत ते रुतलं नाही, करवंटीतही नाही.