संध्याकाळचा मानसशास्त्र परिचय वर्ग: नोकरदारांचे अर्ज कुठे अडतात

ओळखीपाळखीच्यांचे अर्ज भरून देता देता एक गोष्ट कळली. नोकरदाराचा अर्ज गुण कमी पडले म्हणून क्वचितच परत येतो. घोडं अडतं ते एखाद्या पत्रातल्या वाक्यावर, उघडलेल्या पाकिटावर, नाहीतर तारखेखालच्या बारीक अक्षरांवर. नाव, पत्ता, फोटो, सही, शुल्क हे तुम्हाला जमेलच, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही.

अर्ज उघडण्याआधी शेवटी हातात कोणता कागद हवा आहे ते ठरवा. ‘मानसशास्त्राची ओळख’ या एकाच नावाखाली निरनिराळे वर्ग चालतात. क्रेडिटचा (म्हणजे अभ्यासाच्या तासांवर मोजलेले गुणांक देणारा) विषय पुढे पदवीत धरला जाऊ शकतो, पण त्याला परीक्षा असते आणि प्रवेशाला पूर्वशिक्षणाचे कागद लागतात. प्रमाणपत्र वर्गाला बहुधा हजेरी पुरते. तिसरा प्रकार नुसतं श्रोता म्हणून बसण्याचा. त्यात गुण नाहीत, निकालही नाही. ‘आधी बसून बघतो, आवडलं तर क्रेडिट घेतो’ असं म्हणणारे इथेच फसतात, कारण प्रकार बदलायची मुदत सहसा वर्ग सुरू झाल्यावर लवकरच संपते. आणि हेही आत्ताच सांगितलेलं बरं: यातल्या कुठल्याच वर्गाने समुपदेशक होता येत नाही. त्यासाठी कितीतरी पुढचं शिक्षण आणि देखरेखीखालचा सराव लागतो.

पात्रतेत आधी मानसशास्त्र शिकलेलं असण्याची अट नसते. शालेय शिक्षण पूर्ण ‘किंवा समकक्ष’ एवढंच लिहिलेलं असतं. या ‘समकक्ष’ शब्दाने मात्र अनेकांचं वर्ष वाया घालवलंय. समकक्ष काय ते तुम्ही ठरवायचं नसतं, संस्था ठरवते, आणि त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागू शकतो. त्याचं उत्तर यायला आठवडे जातात, मुख्य अर्जाची तारीख काही त्याची वाट बघत नाही. तुमचं शिक्षण दुसऱ्या देशात किंवा दुसऱ्या मंडळात झालं असेल तर पहिलं काम हेच. शालेय कागदच नसतील तर प्रौढांसाठी वेगळा प्रवेशमार्ग आहे का ते विचारा. ब्रिटनचं ओपन युनिव्हर्सिटी 1969 मध्ये स्थापन झालं ते पूर्वशिक्षणाची अट न घालता प्रवेश द्यायचा, याच विचारावर. विचारायला लाजू नका.

आता ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे तुम्ही शिकलेले सगळे विषय आणि त्यांचे निकाल एकत्र दाखवणारा कॉलेजचा अधिकृत उतारा. गुणपत्रक आणि ट्रान्सक्रिप्ट एकच समजून लोक घरातल्या गुणपत्रकाची प्रत जोडतात, आणि अर्ज ‘अपूर्ण’ ठरतो. संस्थेने ‘अधिकृत’ ट्रान्सक्रिप्ट मागितलं असेल, तर ते तुमच्या जुन्या कॉलेजकडून थेट जावं लागतं किंवा त्यांच्या सीलबंद पाकिटात द्यावं लागतं. पाकीट फोडून आत काय आहे ते बघितलं, की त्या कागदाची किंमत शून्य. माझ्या डोळ्यांदेखत एकाने खिडकीसमोर उभं राहून, नीट दिसावं म्हणून, कौतुकाने पाकीट फोडलं. पलीकडच्या कारकुनाने ते हातातसुद्धा घेतलं नाही. नियम आहे हे मान्य, पण पाकिटावर चार शब्दांची सूचना छापायला काय जातं? दोन पाकिटं मागवा: एक द्यायला, एक जपून ठेवायला.

जुन्या कागदावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी छाननीत अडकू शकतं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना हे सगळ्यात जास्त भोवतं. नावबदलाचा पुरावा कोणी मागेपर्यंत थांबू नका, आधीच जोडा.

मालकाचं पत्र सगळीकडे लागत नाही, पण लागतं तिथे ते हमखास चुकीचं येतं. मनुष्यबळ विभाग ठराविक मजकूर देतो: अमुक व्यक्ती आमच्याकडे अमुक दिवसापासून कामाला आहे. संस्थेला ते नको असतं. तिला हवं असतं ते हे, की वर्गाच्या दिवशी तुम्ही अमुक वाजता मोकळे व्हाल आणि परीक्षेला रजा मिळेल. मजकूर तुम्हीच लिहून न्या आणि त्यावर सही घ्या. कामाची पाळी (शिफ्ट) बदलत असेल तर तेही त्यात येऊ द्या, लपवून पुढे तुमचीच हजेरी बुडते.

मुदत वाचताना तीन तारखा वेगळ्या धरा: अर्जाची, कागदपत्रं पोचायची आणि शुल्क भरायची. ‘पोचायची’ म्हणजे पोचायची, पोस्टात टाकायची नव्हे. ‘कार्यालयीन वेळेत’ असं लिहिलं असेल तर शेवटच्या दिवशी रात्री अकरा वाजता अपलोड केलेला अर्ज उशिराचाच. संध्याकाळचा वर्ग नोकरदारांसाठी काढायचा आणि प्रवेशाची खिडकी संध्याकाळ व्हायच्या आत बंद करायची, हा विनोद कोणाला सुचतो कोण जाणे! तुमच्या वतीने कागद द्यायला दुसरं कोणी जाणार असेल तर त्याच्याकडे अधिकारपत्र आणि तुमच्या ओळखपत्राची प्रत द्या.

वर्ग निवडताना ‘सायंकालीन’ हा शब्द कशाकशाला लागू आहे ते लेखी विचारा. पुष्कळदा तो फक्त व्याख्यानांना असतो. परीक्षा भर दुपारी, प्रात्यक्षिकं शनिवारी सकाळी. शिवाय काही विद्यापीठांत परिचय वर्गाच्या विद्यार्थ्यांनी संशोधनात सहभागी म्हणून ठरावीक तास द्यावेत अशी अट असते, आणि त्या प्रयोगशाळा दिवसा चालतात. अशा ठिकाणी बहुधा बदली लेखी काम मिळतं, पण ते मागावं लागतं.

किती तास जातील हे माहितीपत्रकातल्या क्रेडिटवरून काढता येतं. युरोपातल्या ईसीटीएस या क्रेडिट मोजायच्या सामाईक पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे 25 ते 30 तासांचं काम. म्हणजे 5 क्रेडिटचा विषय 125 ते 150 तासांचा, आणि 12 आठवड्यांत बसवला तर आठवड्याला दहा-बारा तास. अमेरिकी हिशोबात वर्गातल्या दर तासामागे बाहेर दोन तास धरतात, तिथे 3 क्रेडिटला आठवड्याचे नऊ तास होतात. ‘फक्त दोन संध्याकाळी’ ही जाहिरात वाचताना हा आकडा शेजारी लिहून ठेवा.

एक लांबलचक सत्र की दोन छोटी, असा पर्याय असेल तर मी दोन छोटी घेईन. स्मरणशक्तीचा अभ्यास करणाऱ्या एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवरच निरर्थक अक्षरगट पाठ करण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. सुरुवातीला विसरणं फार वेगाने होतं आणि एका बैठकीत घोकण्यापेक्षा विभागून केलेली उजळणी जास्त टिकते, हे त्यातून दिसलं. याच वर्गात तुम्हाला ते शिकवतील. दिवसभर काम करून आलेल्या डोक्याला ते आधीच लागू करा. प्रवासच दीड तासाचा असेल तर मात्र एकच सत्र परवडतं, तिथे एबिंगहाउसचा इलाज नाही.

शुल्क भरण्याआधी परताव्याची तारीख बघा. वर्ग सोडायची मुदत आणि पैसे परत मिळायची मुदत वेगळी असते, दुसरी आधी संपते. वर्ग सोडायचा झाला तर लेखी कळवून पोच घ्या, कारण नुसतं जायचं बंद केलं की काही ठिकाणी नावापुढे ‘नापास’ पडतं आणि पुढच्या अर्जाला जोडायच्या ट्रान्सक्रिप्टवर ते तसंच छापून येतं.