सिंगापूरच्या शाळांमधला ‘चायनीज वीक’ आला कुठून?

चायनीज न्यू इयर जवळ आलं की सिंगापूरच्या इंटरनॅशनल शाळांमध्ये ‘चायनीज वीक’ साजरा होतो, जिकडेतिकडे लालच लाल. लायन डान्सचे ढोल, ब्रशने अक्षरं गिरवणारी पोरं, आणि त्यात आपली एखादी कुलकर्णी-पाटलांची लेक लाल ड्रेस घालून मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनी भाषेत, कविता म्हणतेय, आजी-आजोबा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर बघतायत. बघणाऱ्याला वाटतं हे सगळं हजारो वर्षं जसंच्या तसं चालत आलंय. सण जुना आहे, लिपी जुनी आहे, त्यात वादच नाही, पण स्टेजवर जे दिसतं त्यातलं बरंचसं गेल्या शंभरेक वर्षांत घडलंय आणि काही तर चक्क सरकारने ठरवून घडवलंय.

आधी भाषेचंच घ्या. सिंगापूरला आलेले चिनी लोक मुख्यतः दक्षिण चीनमधले, घरात हॉकियन, तिओच्यू, कँटोनीज, हाक्का असं काहीबाही बोलणारे, मँडरिन त्यांच्या घरची नव्हेच. शाळा पण ज्याच्या त्याच्या समाजाच्या. ताओ नान ही हॉकियन लोकांनी 1906 मध्ये काढलेली शाळा, तिने 1916 मध्ये हॉकियन सोडून मँडरिनमध्ये शिकवायला सुरुवात केली, कारण राजेशाही संपवणाऱ्या 1911 च्या क्रांतीनंतर चीनमध्ये ‘एक देश एक भाषा’चं वारं होतं आणि ते इथपर्यंत पोचलं. (आर्मेनियन स्ट्रीटवरचं पेरानाकान म्युझियम पाहिलंय ना? ती या शाळेची जुनी इमारत.) मग 1919 मध्ये तान का की या उद्योगपतीने चायनीज हायस्कूल काढलं, सगळ्या बोलींची मुलं एकत्र, शिकवणं मँडरिनमध्ये.

तरी घरात, बाजारात हॉकियनच चालायची. मुलं घरी एक बोली बोलणार आणि शाळेत इंग्रजी आणि मँडरिन अशा दोन परक्या भाषा शिकणार, त्यामुळे दोन्ही कच्च्या राहतात अशी सरकारची तक्रार होती. म्हणून 1979 च्या सप्टेंबरमध्ये तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांनी ‘स्पीक मँडरिन’ मोहीम सुरू केली, मँडरिन जास्त बोला, बोली कमी करा. टीव्हीवरच्या लोकप्रिय कँटोनीज मालिका मँडरिनमध्ये डब व्हायला लागल्या. मोहीम जबरदस्त यशस्वी झाली, पण कितीतरी घरांत आजी आणि नातवंडं यांना एकमेकांशी धड बोलता येईना, ती किंमत मला तरी फार मोठी वाटते.

लिपीची पण तीच गत. चीनने 1956 मध्ये अक्षरं सोपी करायला घेतली आणि 1958 मध्ये पिनयिन, म्हणजे रोमन अक्षरांत उच्चार लिहायची पद्धत, मंजूर केली. त्यामागचं मोठं नाव चौ योउग्वांग, मूळचे बँकिंग आणि अर्थशास्त्रवाले, 111 वर्षं जगले, 2017 मध्ये गेले. सिंगापूरने 1969 मध्ये सोप्या अक्षरांची स्वतःची यादी काढली होती, पण 1976 मध्ये सरळ चीनचीच घेतली. कॅलिग्राफीच्या टेबलावर मात्र जुनाच धडा, ब्रश उभा धरायचा आणि ‘योंग’ हे एकच अक्षर पुन्हा पुन्हा काढायचं, कारण त्यात आठही मूळ फटकारे येतात. पहिले दोन-तीन कागद म्हणजे नुसते शाईचे डाग.

आणि कार्यक्रमाचा हायलाइट असतो तो यूशेंग. कच्च्या माशाचे पातळ काप, किसलेला मुळा-गाजर, वरून प्लम सॉस, सगळ्यांनी चॉपस्टिक्सने उंच उडवायचं आणि ‘लो हेई’, म्हणजे ‘उडवा वर’, असं ओरडायचं. उडवाल तितकं उंच नशीब, मग टेबल पुसायला अर्धा तास. हा आजचा रंगीबेरंगी अवतार 1964 च्या सुमारास सिंगापूरच्या चार शेफनी लोकप्रिय केला असं इथे सांगतात, मलेशियावाले अर्थातच मानत नाहीत. गंमत म्हणजे मँडरिनच्या कार्यक्रमात ही आरोळी कँटोनीज.

इंटरनॅशनल शाळा यात कुठून आल्या? टांगलिन 1925 ची, सिंगापूर अमेरिकन स्कूल 1956 ची, या मुळात ब्रिटिश-अमेरिकन लोकांच्या मुलांसाठी होत्या. 1978 नंतर चीनची बाजारपेठ उघडली, 2001 मध्ये तो जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि पालकांना मँडरिनमध्ये करिअर दिसायला लागलं. 2010 मध्ये युनोने चिनी भाषा दिन सुरू केला, पुढे तो 20 एप्रिलला ठरला, अक्षरं बनवणाऱ्या चार डोळ्यांच्या त्सांगच्ये या दंतकथेतल्या माणसाच्या आठवणीत. म्हणून काही शाळांत एप्रिलमध्ये पुन्हा एक कार्यक्रम.

आपल्या मुलांचं वेगळंच. सरकारी शाळांत मातृभाषा हा विषय घ्यावाच लागतो, त्यात तमिळ आहे, हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू पण चालतात, मराठी नाही. तिथे बरेच जण हिंदी घेतात. इंटरनॅशनल शाळेत ही अट नसते, मग म्हणतात शिकायचीच आहे तर मँडरिनच शिकू दे.

माझं विचाराल तर या वीकमधला एक तास हॉकियन-तिओच्यूला द्यावा, शाळेच्या कँटीनमधल्या आंटी आनंदाने शिकवतील, शिव्या सोडून.