भुंगेरे (बीटल)

पुढच्या पंखांची कडक ढाल झालेल्या कीटकांचा गण, कोलिऑप्टेरा. ठाण्याजवळच्या येऊरच्या झाडीत पावसाच्या तोंडावर लुकलुकणारे काजवे, वाशीच्या धान्य मार्केटमधल्या पोत्यांतले सोंडे, नारळाचा कोंब पोखरणारा गेंड्या भुंगा, हे सगळे यातलेच. नोंदलेल्या जाती ४ लाखांच्या आसपास धरतात, लेखकागणिक आकडा थोडा हलतो, पण माहीत असलेल्या प्राण्यांत जवळपास चौथा हिस्सा यांचाच.

स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनिअस याने १७५८ साली हा गण मांडला, आता त्याचे चार उपगण करतात. पॉलिफॅगामध्ये सुमारे ९० टक्के जाती येतात. ॲडेफॅगा हे मुख्यतः शिकारी, टायगर बीटल आणि तळ्यातले डायव्हिंग बीटल त्यातले. भुंगेरा उलटा करून भिंगाखाली धरला की यांची खूण दिसते, मागच्या पायांची मुळं इतकी रुंद आणि अंगाला चिकटलेली असतात की पोटाची पहिली पट्टी मधोमध तुटून दोन बाजूंना दोन तुकडे उरतात. मिक्झोफॅगा आणि आर्कोस्टेमाटा मूठभर जातींचे.

खरी भांडणं कडेला आहेत. स्ट्रेप्सिप्टेरा नावाचे परजीवी कीटक कोणी भुंगेऱ्यांतच घालायचं, कोणी डीएनएच्या जोरावर माश्यांशेजारी बसवायचं, पण २०१२ पासूनच्या जीनोमच्या (म्हणजे सगळ्या डीएनएच्या) अभ्यासांनी त्यांना भुंगेऱ्यांचा सख्खा भाऊ-गण ठरवलं आणि आता बहुतेक जण तेच धरून चालतात. सगळ्यात जुना भुंगेरा कोणता हेही असंच. २००९ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉयच्या मेझन क्रीकचा कार्बोनिफेरस काळातला (साधारण ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचा) ॲडिफ्लेबिया नावाचा कीटक पुढे केला गेला, तर २०१२ मध्ये दुसऱ्या दोघांनी तेच जीवाश्म परत तपासून सांगितलं की पंखावरच्या ज्या जाळीवरून त्याला भुंगेरा म्हटलं ती म्हणजे चिकटलेल्या मातीचे कण आहेत! त्यामुळे सध्या जर्मनीतला सुमारे २९.५ कोटी वर्षांपूर्वीचा कोलिऑप्सिस धरणं जास्त सुरक्षित.

एवढ्या जाती का, यावर कीटकशास्त्रज्ञ ब्रायन फॅरेल यांनी १९९८ साली फुलझाडांकडे बोट दाखवलं, झाडं वाढली तसे ती खाणारे भुंगेरेही फुटत गेले. २००७ च्या मोठ्या डीएनए अभ्यासात मात्र बऱ्याच शाखा फुलझाडांच्या आधीच्या निघाल्या आणि त्या फारशा नष्टच झाल्या नाहीत म्हणून संख्या साठली असं दिसलं. हे दुसरं जास्त पटतं, तरी झाडपाला खाणाऱ्या कुळांपुरतं फॅरेल यांचं म्हणणं सोडवत नाही.

निसर्गातली कामं म्हणाल तर शेणातले भुंगेरे शेण जमिनीत पुरतात, काही गोळा लोटत नेतात तर काही तिथेच खाली बीळ करतात, त्याने माती सुधारते आणि माश्यांची पैदास घटते. ऑस्ट्रेलियात गाईगुरांच्या शेणावर तिथल्या भुंगेऱ्यांचा जोर चालेना म्हणून बाहेरून आणावे लागले. आपल्याकडे गाजर गवतावर १९८० च्या दशकात मेक्सिकन भुंगा सोडला, गवत त्याने खाल्लं, पण सूर्यफुलावर दिसल्यावर मोठा गोंधळ उडाला होता. लेडीबर्ड मावा खातात, काजव्याच्या अळ्या गोगलगायी. हुमणी आणि आंब्याचा भिरूड हे उलट्या बाजूचे, पिकांचं नुकसान करणारे.

पावसाळ्यात ट्यूबलाइटखाली येणारी ‘ॲसिड फ्लाय’ ही माशी नाहीच, पेडेरस नावाचा भुंगेरा आहे, नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा आणि इतक्या आखूड ढालीचा की मुंगीच वाटावा. तो चावत नाही, अंगावर चिरडला गेला की त्यातल्या पेडेरिन नावाच्या विषाने कातडी भाजल्यासारखी होते, म्हणून फुंकर मारून उडवावा आणि जागा साबणाने धुवावी.