क्रीडा मंडळाच्या नावात ‘भारत’ लावता येतं का? नोंदणी, कागदपत्रं आणि राष्ट्रीय संघाच्या नावाचा नियम

धाराशिव, बीड, परभणीकडे गावोगावी खो-खो आणि कबड्डीची मंडळं आहेत. नोंदणीची वेळ आली की पोरं हौसेनं नावं सुचवतात: ‘ऑल इंडिया’, ‘नॅशनल’, ‘भारतीय’. जर्सी छापायच्या आधी नियम बघा, कारण अर्ज बहुतेक नावावरच अडकतो.

बोधचिन्हे व नावे यांच्या अनुचित वापराला प्रतिबंध करणारा कायदा १९५० पासून आहे. केंद्राचा किंवा राज्याचा आश्रय असल्याचं सुचवणारं नाव परवानगीशिवाय नोंदवता येत नाही. याच कायद्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांची नावं आहेत. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं नाव आणि पाच कड्यांचं चिन्हही आहे. महाराजांच्या नावानं मंडळ काढायची इच्छा असेल, तर धर्मादाय कार्यालयात आधी विचारून घ्या. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यानं तर क्रीडा संस्थेला ‘भारत’, ‘भारतीय’, ‘राष्ट्रीय’ हे शब्द वापरायला केंद्राचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं असं स्पष्टच केलंय. गावाचं, ग्रामदैवताचं नाव घ्या. ते आपलंही असतं आणि सहसा अडतही नाही.

नोंदणी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि सोबत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात होते. किमान सात सभासद हवेत. उद्देशपत्रिका, नियमावली, कार्यकारिणीची सह्यांसह यादी, प्रत्येकाचा ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, प्रतिज्ञापत्र, पत्रव्यवहारासाठी एकाला दिलेलं अधिकारपत्र. कार्यालयाची जागा दुसऱ्याची असेल तर मालकाचं संमतीपत्र, आणि नमुना आठ (ग्रामपंचायतीचा घराचा उतारा) किंवा लाईट बिल. आधीच नोंदलेल्या संस्थेशी जुळणारं नाव मिळत नाही, म्हणून दोन-तीन पर्याय लिहून न्या. विश्वस्त नोंदणीचा अर्ज स्थापनेपासून तीन महिन्यांत करायचा असतो. ही मुदत पुष्कळ मंडळांकडून हुकते.

यानंतर त्या खेळाच्या जिल्हा संघटनेची संलग्नता. नोंदणी प्रमाणपत्र, ठराव, पदाधिकाऱ्यांची यादी आणि खेळाडूंचे वयाचे दाखले लागतात. बाकीच्या अटी त्या-त्या संघटनेच्या घटनेत बघाव्या लागतात.

मग राष्ट्रीय संघाला ‘भारत’ हे नाव देतं कोण? त्यासाठी कुठल्याही सरकारी खिडकीवर अर्ज नसतो. आंतरराष्ट्रीय महासंघ एका देशातला एक महासंघ मान्य करतो आणि तो महासंघ पाठवेल तो त्या देशाचा संघ. क्रिकेट नियामक मंडळ ही तामिळनाडूत नोंदलेली खासगी संस्था आहे, तरी तिचाच संघ भारताचा म्हणून खेळतो. त्याला ‘टीम इंडिया’ म्हणण्यावर हरकत घेणारी याचिका दिल्ली उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये फेटाळली.

ऑलिम्पिकमध्ये देशाच्या ऑलिम्पिक समितीचं नाव आंतरराष्ट्रीय समितीच्या कार्यकारी मंडळाला मंजूर असावं लागतं. म्हणूनच १९८१ च्या करारापासून तैवानचे खेळाडू ‘चायनीज तैपेई’ या नावानं उतरतात. आपल्यालाही हा फटका बसलाय. भारतीय ऑलिम्पिक संघटना निलंबित होती, तेव्हा २०१४ च्या सोची हिवाळी ऑलिम्पिकच्या उद्घाटनात आपले खेळाडू ऑलिम्पिक ध्वजाखाली चालले. देश तोच, खेळाडू तेच, पण संघटना धड नव्हती म्हणून तिरंगा हाती घेता आला नाही. संघटनेच्या निवडणुका आणि हिशेब वेळेवर होण्याला एवढी किंमत असते.

छातीवर ‘भारत’ येतं ते निवडीतून. धाराशिवच्या सारिका काळे भारताकडून खो-खो खेळल्या, २०२० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. जिल्हा निवड चाचणी, राज्य संघ, राष्ट्रीय स्पर्धा, मग शिबिर, हीच वाट आहे. त्यामुळे संलग्नतेचं नूतनीकरण चुकवू नका, आणि जन्मदाखला, आधार व शाळेच्या दाखल्यावर खेळाडूचं नाव आणि जन्मतारीख एकसारखी आहे का ते चाचणीच्या आधीच तपासा. फरक असेल तर दुरुस्तीला वेळ लागतो.